सहावीच्या बाकावरून बी.एड.कडे

शिक्षणशास्त्र महाविद्यालयात प्रवेश घेतलेल्या प्रत्येकाला पहिल्या आठवड्यात एक प्रश्न हमखास विचारला जातो: "मेथड कोणती?" म्हणजे कोणत्या विषयांची अध्यापनपद्धती घेतली? कुणी सांगतो इतिहास-मराठी, कुणी भूगोल-इंग्रजी. दोन वर्षांनी तो छात्राध्यापक शिक्षक होतो. मुख्याध्यापक वेळापत्रक हातात देतात आणि सहावी ते आठवीचे सामाजिक शास्त्रांचे सगळे तास त्याच्या नावावर लिहिलेले असतात. इतिहास आणि नागरिकशास्त्र जमून जाते. पण सातवीच्या भूगोलात समोच्च रेषांचा नकाशा येतो तेव्हा इतिहासवाल्याची पंचाईत होते. दहावीनंतर त्याने भूगोलाचे पुस्तक उघडलेले नसते. मग तो धडा मोठ्याने वाचून घेतो, प्रश्नोत्तरे फळ्यावर लिहून देतो आणि पुढे सरकतो.

यात त्याचा आळस शोधण्यात अर्थ नाही. त्याला ज्या वर्गासाठी तयार केले तो वर्ग वेगळा होता आणि मिळाला तो वेगळा. ही फट बुजवायची तर विद्यापीठातला पाठ्यक्रम दुरुस्त करावा लागतो. ती दुरुस्ती कशी होते, कोणाच्या हातात काय असते आणि कामाला कोणत्या टोकाने सुरुवात करावी, ते क्रमाने पाहू.

चौकट कोणाची, मजकूर कोणाचा

सर्वांत वर आहे राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषद, म्हणजे एनसीटीई. १९९३च्या कायद्याने तिला वैधानिक दर्जा मिळाला आणि १९९५ पासून ती या रूपात काम करते. तिच्या २०१४च्या विनियमांनी बी.एड. एका वर्षाचे दोन वर्षांचे झाले. वर्षाला किमान २०० कामाचे दिवस आणि शाळेत किमान २० आठवड्यांची आंतरवासिता, त्यातले ४ आठवडे पहिल्या वर्षी आणि १६ दुसऱ्या वर्षी, ही त्या विनियमांनी घालून दिलेली चौकट. ती विद्यापीठाला मोडता येत नाही.

चौकटीच्या आतला मजकूर विद्यापीठाचा. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम २०१६ प्रमाणे विषयाचे अभ्यास मंडळ मसुदा तयार करते. तो विद्याशाखेकडून विद्या परिषदेपुढे जातो. शिक्षणशास्त्र हा विषय आंतरविद्याशाखीय अभ्यास या विद्याशाखेत मोडतो. मसुद्याची वाट लांब असल्यामुळे जूनमध्ये नवे काही शिकवायचे असेल तर त्याची तयारी आदल्या वर्षीच सुरू करावी लागते.

तिसरा थर महाविद्यालयाचा. छापील पाठ्यक्रमातला एक शब्दही न बदलता प्राध्यापकाला बरेच काही बदलता येते: घटकांचा क्रम, प्रात्यक्षिकांचे विषय, आंतरवासितेसाठी शाळांची निवड, अंतर्गत गुणांसाठीचे काम. म्हणून दुरुस्तीला बसणाऱ्याने आधी कागदावर तीन रकाने आखावेत. वरून ठरलेले, अभ्यास मंडळाकडून करून घ्यायचे, आणि उद्यापासून आपणच करायचे. तिसरा रकाना पहिल्या नजरेला वाटतो त्यापेक्षा बराच लांब भरतो.

आत्ताच का?

तीन कारणे एकाच सुमारास जमून आली आहेत. सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२३ रोजी दिलेल्या निकालानुसार पहिली ते पाचवीच्या शिक्षकपदासाठी बी.एड. ही पात्रता ग्राह्य नाही. त्यामुळे बी.एड. झालेल्या शिक्षकासाठी सहावी हा पहिला उंबरठा झाला आहे. दुसरे, राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने सहावी ते आठवी हा स्वतंत्र स्तर मानला. एनसीईआरटीने २०२४ मध्ये सहावीसाठी इतिहास, भूगोल, नागरिकशास्त्र यांच्या वेगळ्या पुस्तकांऐवजी सामाजिक शास्त्राचे एकच पुस्तक आणले. आपल्या बालभारतीच्या पुस्तकांतही इतिहास व नागरिकशास्त्र एका जिल्दीत आहेत आणि भूगोल दुसऱ्या.

तिसरे कारण शिक्षक पात्रता परीक्षेचे. टीईटीच्या दुसऱ्या पेपरात, म्हणजे सहावी ते आठवीच्या स्तरावर, १५० पैकी ६० गुण सामाजिक शास्त्रांना आहेत. त्या साठात इतिहास, भूगोल, नागरिकशास्त्र सगळेच येते. परीक्षा एकत्र आणि शाळेतले वेळापत्रकही एकत्र. मेथड तेवढी वेगवेगळी राहिली आहे.

पहिली पायरी: पाठ्यपुस्तके टेबलावर

पाठ्यक्रम दुरुस्त करायला बसलेली मंडळी सहसा जुना पाठ्यक्रम समोर ठेवतात आणि त्यात काय घालायचे याची यादी करतात. धोरणावर एक प्रकरण, तंत्रज्ञानावर एक, समावेशक शिक्षणावर एक. पाठ्यक्रम फुगतो, पण शिकवणे होते तसेच राहते.

सुरुवात दुसऱ्या टोकाने करावी. सहावी, सातवी, आठवीची पुस्तके टेबलावर मांडावीत आणि प्रत्येक धड्यापुढे एकच गोष्ट लिहावी: हा धडा शिकल्यावर मुलाला काय *करता* आले पाहिजे? सहावीत प्राचीन भारत, सातवीत मध्ययुगीन भारत आणि शिवकाल, आठवीत आधुनिक भारत. नागरिकशास्त्रात सहावीला स्थानिक शासनसंस्था, सातवीला संविधानाची ओळख, आठवीला संसदीय शासनपद्धती. भूगोलात वृत्तांपासून नकाशाप्रमाण आणि क्षेत्रभेटीपर्यंत.

तक्ता भरत गेला की मुलाच्या हातून घडायच्या कृती थोड्याच आहेत आणि त्या पुन्हा पुन्हा येतात, हे ध्यानात येते. काळाचा क्रम लावणे. नकाशा वाचणे. साधन पाहून 'हे कोणी, कधी, कशासाठी लिहिले' असे विचारणे. नियम कोण करतो आणि तो कोणाला लागू होतो हे शोधणे. एखाद्या गोष्टीची एकापेक्षा जास्त कारणे सांगणे. या कृती भावी शिक्षकाला स्वतः करता येतात का आणि मुलांकडून करवून घेता येतात का, हे पाहणे म्हणजे पाठ्यक्रमाची कसोटी.

दुसरी पायरी: आत्ता तास कुठे जातात?

एका श्रेयांकाला व्याख्यानाचे १५ तास किंवा प्रात्यक्षिकाचे ३० तास, हा रूढ हिशेब. त्या हिशेबाने मेथडच्या विषयाचे तास मोजावेत. विषयाचे स्वरूप, उद्दिष्टे, पद्धतींचे गुणदोष, साधनांचे प्रकार, आदर्श शिक्षकाचे गुण यांवर किती जातात, आणि वर लिहिलेल्या कृतींवर किती? मोजणी झाल्यावर वादाची गरज फारशी उरत नाही.

ही मोजणी करताना महाराष्ट्रातल्या एका जुन्या चांगल्या गोष्टीची आठवण ठेवावी. आशययुक्त अध्यापन पद्धती, बोलताना 'सी.सी.एम.' (कंटेंट-कम-मेथडॉलॉजी), आपल्याकडे कित्येक वर्षे पाठ्यक्रमात आहे. विषयाचे ज्ञान आणि तो शिकवण्याची रीत यांना वेगळे काढता येत नाही, हा तिचा गाभा. अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ ली शुलमन यांनी १९८६ मध्ये हाच विचार मांडला आणि तो जगभर गाजला. विषय येणे वेगळे आणि तो बारा वर्षांच्या मुलाला कुठे अडतो हे माहीत असणे वेगळे, असे त्यांचे म्हणणे. आपल्याकडे सी.सी.एम. बरेचदा आशयविश्लेषणाचा तक्ता भरण्यापुरते उरले. तो तक्ता पुन्हा जिवंत करणे हे दुरुस्तीचे निम्मे काम आहे.

तिसरी पायरी: एक घटक पुरता घडवून पाहणे

सगळा पाठ्यक्रम एकदम हातात घेऊ नये. एक घटक घ्यावा आणि तो शेवटपर्यंत न्यावा. उदाहरणासाठी 'किल्ला' घेऊ. सातवीच्या इतिहासात शिवकाल आहे, सातवीच्याच भूगोलात समोच्च रेषा आहेत आणि नागरिकशास्त्रात संविधान. किल्ल्यावर तिन्ही भेटतात.

भूगोलापासून सुरू करू. दिवाळीत मुले मातीचे किल्ले करतातच. तसाच एक, पण परातीत बसेल एवढा, घट्ट मळलेल्या चिकणमातीचा डोंगर छात्राध्यापकांनी करायचा. परातीत २ सेंटिमीटर उंचीपर्यंत पाणी ओतायचे आणि पाणी जिथे मातीला टेकते तिथे काडीने रेघ ओढायची. पुन्हा २ सेंटिमीटर पाणी, पुन्हा रेघ. शेवटी पाणी काढून टाकायचे आणि अगदी वरून पाहत त्या रेघा कागदावर उतरवायच्या. समोच्च रेषांचा नकाशा तयार! मग भारतीय सर्वेक्षण विभागाचा १:५०,००० प्रमाणाचा नकाशा उलगडायचा. त्यावर १ सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचे ५०० मीटर आणि सामान्यतः दोन समोच्च रेषांमध्ये २० मीटर उंचीचा फरक. रेषा एकमेकींना चिकटल्या आहेत तिथे कडा आहे. त्या जिथे सैल पडतात तिथून वाट चढत असणार.

यानंतरचा तास सर्वांत मोलाचा: मुले इथे कुठे चुकतात? काहींना वाटते, या रेषा म्हणजे रस्ते. काहींना वाटते, कागदावर जे वर ते उंच. रेषा दाट दिसल्या की 'इथे उंची जास्त' असे बरीच मुले म्हणतात, कारण उंची आणि उतार यांची गल्लत होते. या चुका शिक्षकाला आधीच ठाऊक असतील तर वर्गात ऐकू आलेले चुकीचे उत्तर त्याला दारासारखे वापरता येते. ठाऊक नसतील तर तो "चूक, खाली बस" म्हणून मोकळा होतो.

आता इतिहास. रायगडावर ६ जून १६७४ रोजी शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला. त्याची हकिकत सांगणारी दोन साधने शेजारी ठेवू. हेन्री ऑक्झिंडेन हा ईस्ट इंडिया कंपनीचा वकील तेव्हा तहाच्या कामासाठी गडावर हजर होता आणि त्याने पाहिलेले लिहून ठेवले. कृष्णाजी अनंत सभासदाने बखर लिहिली ती १६९७च्या सुमारास, म्हणजे महाराजांच्या निधनानंतर सतरा वर्षांनी, जिंजीत, राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून. सभासद बत्तीस मण सोन्याच्या सिंहासनाचे वर्णन करतो. ऑक्झिंडेनचे लक्ष सिंहासनाच्या दोन्ही बाजूंच्या राजचिन्हांकडे जाते. त्यात मोठ्या दातांची मत्स्यमुखे आहेत आणि न्यायाचा तराजूही आहे.

छात्राध्यापकाला इथे चार प्रश्न विचारायचे. लिहिणारा कोण? त्याने ते स्वतः पाहिले की ऐकले? तो कोणासाठी लिहितो आहे? दोघांच्या लेखनात जुळणारे काय आणि एकाने सांगितलेले पण दुसऱ्याने गाळलेले काय? अमेरिकी संशोधक सॅम वाइनबर्ग यांनी १९९१ मध्ये इतिहासकार आणि शाळकरी विद्यार्थी यांना तीच कागदपत्रे वाचायला देऊन त्यांच्या वाचनाची तुलना केली. इतिहासकार आधी कागद कोणाचा हे पाहत. विद्यार्थी थेट मजकुरात शिरत. ही सवय आपल्याला परकी नाही. १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' छापणाऱ्या वि. का. राजवाड्यांनी अस्सल पत्र आणि मागाहूनची बखर यांतला फरक महाराष्ट्राला शिकवला. पुण्यात १९१० मध्ये स्थापन झालेले भारत इतिहास संशोधक मंडळ त्याच शिस्तीवर उभे राहिले. ती शिस्त बी.एड.च्या वर्गात मात्र 'साधनांचे प्रकार: लिखित, अलिखित, मौखिक' एवढ्या एका ओळीत उरते.

उरले नागरिकशास्त्र. हा गड आज कोणाचा? संविधानाच्या ५१क कलमात आपल्या संमिश्र संस्कृतीचा वारसा जपणे हे नागरिकाचे कर्तव्य म्हटले आहे. रायगड भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहे. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने जागतिक वारशाच्या यादीत घेतलेल्या बारा मराठा किल्ल्यांत रायगड आहे आणि सभासदाने जिथे बखर लिहिली ती जिंजीही आहे. मग एखाद्या गडावर पिढ्यान्‌पिढ्या पिठलं-भाकरी विकून जगणाऱ्या कुटुंबांचे काय? दुकान हलवायचे का, हे कोण ठरवणार, आणि ठरवण्याआधी कोणाचे ऐकून घेणार? इथे अर्थव्यवहारही आपसूक आत येतो.

हा घटक २ श्रेयांकांचा धरला तर ३० तास मिळतात. त्यांची वाटणी अशी करता येईल: आशय पक्का करण्यासाठी १०, साधने आणि प्रतिकृती तयार करण्यासाठी ६, मुलांच्या संभाव्य चुकांसाठी ४, एकमेकांसमोर पाठ घेऊन पाहण्यासाठी ६, मूल्यमापनाची साधने करण्यासाठी ४. मेथड इतिहासाची असो की भूगोलाची, सगळ्यांनी मिळून हेच करायचे. इतिहासवाला परातीत पाणी ओततो, भूगोलवाला बखर चाळतो. वेळापत्रकात पुढे जे त्यांच्या वाट्याला येणार आहे त्याची ही तालीम.

चौथी पायरी: पाठ आणि आंतरवासिता

सूक्ष्म अध्यापनाची रीत १९६० च्या दशकात स्टॅनफर्ड विद्यापीठात आकाराला आली. पाच-सात मिनिटांत एकच कौशल्य घटवायचे. प्रश्न विचारणे, उदाहरण देणे, फलकलेखन. सुरुवातीला ती उपयोगी पडते. पण सामाजिक शास्त्रांतला विचार पाच मिनिटांत मावत नाही. राज्याभिषेकाच्या दोन साधनांची तुलना एका तासातही पुरी होत नाही. मात्र पाठांचा हिशेब ठेवताना दर पाठाला नवा वर्ग, नवा धडा, नवे टाचण अशी पद्धत पडते. विद्यार्थी पाठांचा आकडा पुरा करतो, पण आपण काल शिकवलेले आज मुलांच्या डोक्यात काय होऊन बसले आहे, हे त्याला कधीच दिसत नाही.

म्हणून दुरुस्त पाठ्यक्रमात एक अट घालावी: आंतरवासितेत निदान एक घटक सहावी ते आठवीच्या एकाच वर्गावर सलग पाच-सहा तास शिकवायचा. दुसऱ्या दिवसाचे टाचण पहिल्या दिवसाच्या मुलांच्या वह्या पाहून लिहायचे. एनसीटीईच्या विनियमांत आंतरवासिता दोन स्तरांवर अपेक्षित आहे आणि उच्च प्राथमिक हा त्यांतला एक असू शकतो. पाठ्यक्रमाने तो सामाजिक शास्त्रांसाठी सक्तीचा करावा.

शाळेचे वेळापत्रकही पाहावे लागते. समोच्च रेषांचा घटक दिवाळीच्या सुट्टीआधी आला तर मुले सुट्टीत अंगणात किल्ला करताना तोच धडा हाताने गिरवतील. छात्राध्यापक शाळेत असतील त्या आठवड्यांत शाळेत कोणते धडे चालू असतात, याची चौकशी जूनमध्येच मार्गदर्शक शिक्षकाकडे करून ठेवावी. शाळा मागे पडल्यामुळे ठरवलेला धडा मिळालाच नाही, अशी तक्रार मग मार्चमध्ये उरत नाही.

पाचवी पायरी: प्रश्नपत्रिका

विद्यार्थ्याच्या दृष्टीने खरा पाठ्यक्रम म्हणजे मागच्या पाच वर्षांच्या प्रश्नपत्रिका. वर्गात परात, पाणी, बखर सगळे झाले आणि शेवटी 'ऐतिहासिक साधनांचे प्रकार स्पष्ट करा' हाच प्रश्न आला, तर पुढच्या वर्षीची तुकडी परात बाजूला ठेवून गाइड विकत घेईल. म्हणून घटक बदलला त्याच दिवशी त्याचा प्रश्न लिहावा. उदाहरणार्थ: राज्याभिषेकाविषयीचे दोन उतारे दिले आहेत, ते सातवीच्या वर्गात वापरायचे तर मुलांना कोणते तीन प्रश्न विचाराल आणि कोणत्या क्रमाने? किंवा: एका विद्यार्थ्याने समोच्च रेषांचा अर्थ असा लावला आहे, त्याची चूक कुठे आहे आणि पुढची दहा मिनिटे तुम्ही काय कराल? अशा उत्तरांना गुण देण्याचे निकष आधी ठरवून बाह्य परीक्षकालाही द्यावे लागतात, नाहीतर दोन परीक्षकांचे गुण दोन दिशांना जातात.

शिकवणे, पुस्तक आणि परीक्षा एकदम बदलण्याचा प्रयोग आपल्या शेजारीच होऊन गेला आहे. मध्य प्रदेशात एकलव्य या संस्थेने १९८०च्या दशकात सहावी ते आठवीसाठीच सामाजिक शास्त्राची नवी पुस्तके केली आणि ती मोजक्या सरकारी शाळांत वापरली. शिक्षकांची प्रशिक्षणे घेतली आणि परीक्षेत पुस्तक उघडे ठेवू दिले. पुस्तक समोर असेल तर पाठांतराचा प्रश्न विचारण्यात अर्थच राहत नाही. प्रश्न लिहिणाऱ्यालाही विचार करावा लागतो.

सहावी पायरी: शिकवणारे प्राध्यापक

शेवटची अडचण बोलायला थोडी अवघड आहे. हे सगळे शिकवणार कोण? इतिहासाच्या मेथडचे प्राध्यापकही एकाच विषयातून आलेले असतात. त्यामुळे नवा घटक छापण्याआधी तो एका सत्रात, एका महाविद्यालयात, दोन प्राध्यापकांनी मिळून शिकवून पाहावा: एक इतिहासाचा, एक भूगोलाचा. काय जमले, काय फसले, किती तास खरोखर लागले, हे टिपून ठेवावे आणि मग मसुदा अभ्यास मंडळाकडे न्यावा. ज्या शाळांत पाठ झाले तिथल्या अनुभवी शिक्षकांनाही एकदा बोलवावे. मुले कुठे अडतात याची सर्वांत लांब यादी त्यांच्याकडे असते आणि ती कुठल्याही संदर्भग्रंथात छापलेली नाही.

या तयारीचा आणखी एक उपयोग आहे. वर्गात जात, धर्म, प्रांत यांचे प्रश्न निघाले की नवा शिक्षक गांगरतो. तेव्हा उपदेशाचा फारसा उपयोग होत नाही. बखर आणि वकिलाची टिपणे शेजारी ठेवून वाचायची सवय मात्र कामाला येते. "हे कशावरून?" हा प्रश्न त्याने स्वतःला शंभरदा विचारलेला असेल, तर एखाद्या मुलाच्या घरातल्या श्रद्धेला न दुखावता तो तोच प्रश्न वर्गाला विचारू शकतो.

तेव्हा अभ्यास मंडळाच्या पुढच्या बैठकीला निघालेल्या सदस्यांना एवढीच विनंती. जुना पाठ्यक्रम फाइलीत असू द्या, पण पिशवीत सहावी, सातवी, आठवीची सामाजिक शास्त्रांची पुस्तके घालून न्या, आणि चर्चा त्यांच्यातल्या एखाद्या धड्यापासून सुरू करा.